कोरडे डोळे: कमी काय, पाणी की तेल?

डोळ्यांच्या कुठल्याही ओपीडीत ही तक्रार हमखास ऐकू येते. 'डॉक्टर, डोळ्यांतून सारखं पाणी येतं. गाडीवर बसलं की धाराच लागतात.' डॉक्टर पापणी उलटून बघतात, डोळ्यांत पिवळं औषध घालून निळ्या उजेडात तपासतात आणि सांगतात, 'डोळे कोरडे आहेत.' रुमालाने डोळे टिपत बसलेल्या माणसाला ही थट्टाच वाटते.

निदान मात्र बरोबर असतं. डोळा कोरडा पडून चुरचुरू लागला की मेंदूला इशारा जातो आणि वरच्या पापणीमागे, बाहेरच्या कोपऱ्यात असलेली अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. कांदा चिरताना येतं तेच हे पाणी. ते गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही, आणि दोन मिनिटांत चुरचुर पुन्हा सुरू होते. डोळा ओला ठेवण्याचं काम या धारांचं नाहीच. ते काम करतो अश्रूंचा एक पातळ थर, जो दिवसभर न कळत डोळ्यावर पसरलेला असतो.

हा थर किती पातळ? साधारण ३ मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. एका डोळ्यातल्या एकूण अश्रूंचं माप जेमतेम ७ मायक्रोलिटर भरतं. एवढ्याशा पाण्याला डोळ्यावर धरून ठेवायला खाली चिकट श्लेष्मल द्रव्य लागतं आणि ते वाऱ्यावर उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा तवंग लागतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींमधून येतं. वरच्या पापणीत अशा तीस-चाळीस आणि खालच्या पापणीत वीस-तीस ग्रंथी असतात. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणी मिटली की त्या दाबल्या जातात, तेलाचा बारीक थेंब बाहेर येतो आणि पापणी उघडताना तो डोळ्यावर पसरतो.

त्यामुळे डोळे कोरडे पडण्याचे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. एक तर पाणीच कमी तयार होतं, नाहीतर पाणी पुरेसं असूनही तेल नसल्याने ते उडून जातं. पुष्कळांच्या डोळ्यांत दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या असतात. पण दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये तेलाची बाजू बिघडलेलेच जास्त सापडतात, आणि नेमकी हीच बाजू दुर्लक्षित राहते. औषधाच्या दुकानात 'डोळे कोरडे पडतायत' म्हटलं की मिळणारी बाटली बहुधा पाण्याची भरपाई करणारी असते. तेल कमी असलेल्या डोळ्यात ती घातली की दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. सहा महिने ड्रॉप घालूनही फरक नाही म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची गोष्ट एवढीच असते.

आपला प्रकार कुठला याचा थोडा अंदाज घरी घेता येतो. सकाळी उठल्याउठल्या डोळे जड, चिकट, पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण किंवा चिपड, कडा लालसर आणि वर्षातून दोन-तीनदा रांजणवाडी, असं चित्र असेल तर संशय तेलग्रंथींवर घ्यावा. दिवस चढेल तसा त्रास वाढत जाऊन संध्याकाळी वाचायला नकोसं होत असेल तर पाणी कमी असण्याची किंवा दिवसभराच्या कामातून ते उडून जाण्याची शक्यता जास्त. सकाळच्या त्रासामागे आणखी एक कारण असू शकतं. काही माणसांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत आणि डोक्यावर पंखा पाचवर फिरत असतो. हे ज्याचं त्याला कळत नाही, घरच्यांना विचारावं लागतं. हा अंदाज निदानाची जागा घेत नाही. डॉक्टरांशी बोलताना मात्र उपयोगी पडतो.

कारणांच्या यादीत सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव मोबाइलचं आणि कॉम्प्युटरचं असतं. ते खरंही आहे, पण दोष पडद्याच्या उजेडाला दिला जातो, तिथे गाडी चुकते. निळा प्रकाश अडवणारे चष्मे त्यामुळेच खपतात. खरा घोटाळा पापणीत आहे. गप्पा मारताना माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावून बसला की हा आकडा पाच-सातवर येतो. म्हणजे दोन उघडझापींमध्ये आठ-दहा सेकंदांहून जास्त वेळ जातो. निरोगी डोळ्यावरचा अश्रूंचा थर साधारण दहा सेकंद किंवा त्याहून थोडा अधिक काळ अखंड राहतो. थर कमजोर असेल तर चौथ्या-पाचव्या सेकंदालाच तो फाटतो आणि पुढचे सेकंद डोळा उघडाच पडतो. शिवाय कामाच्या तंद्रीत पापणी अर्धीच मिटते. अशा अर्धवट मिटण्याने ग्रंथी दाबल्या जात नाहीत, तेल आतच साचून घट्ट होतं.

म्हणून हिंजवडीतल्या आयटी कंपनीत बसणाऱ्याने चष्म्याच्या काचेवर पैसे घालण्याआधी टेबलाकडे बघावं. पडदा डोळ्यांच्या रेषेच्या खाली असला की नजर खाली झुकते, पापणी थोडी मिटलेली राहते आणि डोळ्याचा कमी भाग हवेला उघडा पडतो. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर चढवून तो कपाळासमोर आणणारे मानेचं भलं करतात, डोळ्यांचं नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जराशी खाली, हा दोघांना चालणारा मध्य. एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर खुर्ची फिरवावी. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघण्याचा सल्ला आता सगळ्यांना ठाऊक झाला आहे. त्या वीस सेकंदांत पापण्या पाच-सहा वेळा सावकाश, पूर्ण, एकमेकींना टेकेपर्यंत मिटाव्यात. त्याशिवाय त्या विश्रांतीचा अर्धा फायदा वाया जातो.

हवेचा वाटा पडद्याइतकाच मोठा आहे. विदर्भातल्या मे महिन्याच्या झळा, हेल्मेटची काच वर करून दुचाकी चालवण्याची सवय, चुलीचा धूर, जिनिंगमधला आणि यंत्रमागावरचा कापसाचा तूस, यांतलं काहीही डोळ्याला पुरेसं असतं. आखातात नोकरीला गेलेल्यांना किंवा अमेरिकेत मुलांकडे हिवाळ्यात राहायला गेलेल्या आईवडिलांना तिकडेच हा त्रास पहिल्यांदा जाणवतो, कारण चोवीस तास चालणारा एसी आणि घर गरम ठेवणारी यंत्रणा दोन्ही हवा कोरडी करतात. विमानाच्या केबिनमध्ये तर आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लांबच्या प्रवासात चष्मा लावावा हे बरं.

मग येतात औषधं, ज्यांच्यावर सहसा कुणाचा संशय जात नाही. सर्दी-ॲलर्जीसाठी रोज घेतली जाणारी सेट्रिझिनसारखी गोळी, नैराश्यावरच्या काही गोळ्या, लघवी वाढवून रक्तदाब कमी करणारी औषधं, मुरमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनॉइन, काचबिंदूचे वर्षानुवर्षं चालणारे ड्रॉप. यांतलं आयसोट्रेटिनॉइन तेलग्रंथींवरच परिणाम करतं; काचबिंदूच्या ड्रॉपमध्ये अनेकदा औषधापेक्षा त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह डोळ्याला झोंबतं. पण म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही. काचबिंदूचा ड्रॉप सोडला तर डोळा कोरडा राहणार नाही कदाचित, पण दृष्टी जाईल, आणि गेलेली परत येत नाही. डॉक्टरांना विचारून पर्याय बदलता येतो, बिनप्रिझर्व्हेटिव्ह ड्रॉप मिळतात.

मोतीबिंदूच्या आणि चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही काही महिने डोळा खुपतो. या शस्त्रक्रियांमध्ये कॉर्नियातल्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातल्या बारीक नसा कापल्या जातात आणि डोळा कोरडा झाल्याचा इशारा नीट पोचत नाही. बहुतेकांच्या बाबतीत हे हळूहळू सुधारतं. गावाकडे अशा वेळी 'लेन्स चुकीची बसवली' असा बोभाटा होतो. लेझरने नंबर काढायचा असेल तर आधी कोरडेपणाची तपासणी करून घ्यावी.

वय वाढतं तसे अश्रू कमी होतात, आणि पाळी जाण्याच्या काळात बायकांना हा त्रास विशेष जाणवतो. पण 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडून देऊ नये अशी एक अवस्था आहे. १९३३ मध्ये हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांची माहिती मांडली. त्यांचे डोळे कोरडे होते, तोंड कोरडं होतं आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचे सांधे दुखत होते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तेव्हा हे घडतं. शोग्रेनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचे दहातले नऊ रुग्ण स्त्रिया असतात. घरातली बाई भाकरीच्या प्रत्येक घासाबरोबर पाणी पीत असेल, दात भराभर किडत असतील, सकाळी बोटं आखडत असतील आणि जोडीला डोळ्यांत कचकच असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांबरोबर संधिवाततज्ज्ञही गाठावा. संधिवात, मधुमेह आणि थायरॉइड असलेल्यांनीही डोळ्यांची तपासणी टाळू नये.

तपासणी साधी आहे, दुखत नाही. पिवळा फ्लुरोसिन रंग डोळ्यांत घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहाच्या आत फाटला तर तो कमजोर समजतात. पाणी किती तयार होतं हे बघायला ओट्टो शिर्मर या जर्मन डॉक्टरने १९०३ मध्ये सांगितलेली युक्ती आजही वापरतात. गाळणकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती भिजली ते बघायचं. दहा मिलिमीटरपेक्षा जास्त भिजली तर ठीक, पाचपेक्षा कमी भिजली तर पाणी नक्कीच कमी. तिसरी गोष्ट डॉक्टर बोटाने करतात: पापणीची कड हलकेच दाबून तेल कसं येतं ते पाहतात. निरोगी ग्रंथीतलं तेल नितळ असतं, आजारी ग्रंथीतलं गढूळ, दाट, कधी येतच नाही. डॉक्टरांनी पापणीची कड पाहिलीच नाही तर रुग्णाने विनासंकोच विचारावं.

तेलाची बाजू बिघडली असेल तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त अर्धवट सोडला जाणारा उपाय म्हणजे शेक. डिसेंबरच्या थंडीत गोठलेली खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवतात, त्यातलाच हा प्रकार: ग्रंथींत घट्ट झालेलं तेल उबेने पातळ करायचं. त्यासाठी पापणीला ४० अंशांच्या आसपासची ऊब पाच ते दहा मिनिटं सलग मिळावी लागते. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून दोन रुमाल आलटून पालटून वापरावेत. मनगटावर चटका बसत नाही ना हे आधी बघावं, कारण पापणीची कातडी फार नाजूक असते. शेक झाल्यावर मिटल्या डोळ्यांवर बोटाने हलका दाब देत वरची पापणी खालच्या दिशेने आणि खालची वरच्या दिशेने निपटावी, डोळ्यावर जोर न देता. शेवटी पापण्यांच्या मुळाशी जमलेला कोंडा ओल्या स्वच्छ कापसाने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या वाइपने पुसून घ्यावा. हे रोज एक-दोनदा, किमान महिनाभर करायचं. तीन दिवस करून 'काही उपयोग नाही' म्हणणारे फार. ग्रंथी जास्तच सुजल्या असतील तर डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं औषध काही आठवडे देतात. ते त्यांनीच ठरवायचं.

काजळाचा मुद्दा इथेच येतो. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर ओढलेली काजळाची रेघ नेमकी या ग्रंथींच्या तोंडांवर बसते. हौस असेल तर रेघ पापण्यांच्या केसांच्या बाहेर ओढावी आणि झोपण्याआधी पुसावी. पारंपरिक सुरम्यात शिसं असू शकतं, तो डोळ्यांत घालूच नये. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालणाऱ्या आजीला समजावणं अवघड असतं, पण तीट कपाळावर लावून तिचं समाधान करता येतं.

ड्रॉपविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पैसा इथेच जातो. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, हायप्रोमेलोज, सोडियम हायलुरोनेट ही कृत्रिम अश्रूंमधली नेहमीची द्रव्यं. पाणी कमी असलेल्यांना यांचा चांगला उपयोग होतो. तेल कमी असेल तर तेलाचा अंश असलेले ड्रॉप मिळतात, ते नाव घेऊन मागावे लागतात. जेल आणि मलम जास्त वेळ टिकतं, पण नजर धूसर होते, म्हणून ते रात्री घालावं. दिवसातून चार-पाच वेळांपेक्षा जास्त ड्रॉप लागत असतील तर बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असलेली बाटली टाळावी. वारंवार घातल्यास ते डोळ्याचा पृष्ठभागच दुखावतं. एका वेळी एकच थेंब पुरतो. बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात एवढं मावतही नाही, दुसरा थेंब गालासाठीच असतो. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत. उघडलेली बाटली महिन्याभराने टाकून द्यावी, एक्स्पायरीची तारीख दोन वर्षं पुढची असली तरी. आणि बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही.

ही शेवटची सूचना किरकोळ वाटेल, पण ड्रॉपमध्ये जंतू शिरले तर काय होतं ते बघा. २०२३ मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या ड्रॉपमधून पसरलेल्या स्यूडोमोनास जिवाणूच्या संसर्गाचा तपास झाला. ड्रॉप चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार झाले होते. १८ राज्यांत ८१ रुग्ण सापडले, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघे दगावले. अनेक वेळा उघडायच्या बाटलीत पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नसणं हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ठेवलेल्या ठपक्यांपैकी एक होता. बिनप्रिझर्व्हेटिव्ह ड्रॉप घ्यायचे तर ते एकदाच वापरून फेकायच्या कुपीत किंवा आत हवा न जाऊ देणाऱ्या खास बाटलीतच घ्यावेत. कुपी उघडून झाकण लावून उद्यासाठी ठेवण्याची काटकसर इथे नको.

दोन प्रकारचे ड्रॉप स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत. डोळ्यांची लाली घालवणारे ड्रॉप रक्तवाहिन्या आकसवतात. सवय लागली की औषध थांबताच लाली दुपटीने परतते. दुसरे स्टेरॉइडचे. ते घातले की डोळा एका दिवसात शांत होतो, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने घेतले जातात, आणि नकळत डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू किंवा मोतीबिंदू होतो. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत हे फार घडतं. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी, आईचं दूध यांबद्दल एवढंच म्हणता येईल की यांतलं काहीही निर्जंतुक नसतं. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुणंही त्याच रांगेतलं.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलवर बराच खर्च होतो. अमेरिकेत ५३५ रुग्णांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणारे आणि ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणारे यांच्यात वर्षाअखेर लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्ही गटांना बरं वाटलं होतं! तारली, बांगडा, जवसाची चटणी पानात असावी, ती चवीसाठी आणि एकूण प्रकृतीसाठी. अ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. कुपोषित मुलांत त्याच्या अभावाने डोळे कोरडे पडतात, रात्री दिसेनासं होतं, पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग येतात. त्यासाठी सरकारी लसीकरणाबरोबर नवव्या महिन्यात पहिला आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी डोस मिळतो. तो चुकवू नये. नीट जेवणाऱ्या मोठ्या माणसाने त्याच्या गोळ्या घेण्यात अर्थ नाही.

एवढ्यानेही भागलं नाही तर पुढची पायरी आहे. सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप डोळ्याच्या पृष्ठभागावरची सूज कमी करतात. सुरुवातीला ते झोंबतात आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतात, हे माहीत नसल्याने लोक पंधरा दिवसांत सोडतात. नाकाकडच्या कोपऱ्यातली अश्रू वाहून नेणारी छिद्रं बारीक बुचाने बंद करून आहे ते पाणी डोळ्यांत राखता येतं. तीव्र त्रासात रुग्णाच्याच रक्तातल्या सीरमचे ड्रॉप किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स देतात. पापण्यांवरच्या प्रकाशझोताच्या उपचाराची जाहिरात सध्या जोरात आहे. काहींना त्याने आराम पडतो, पण महिनाभर नेमाने शेक न घेता एकदम तिकडे धावणं घाईचं आहे.

डोळा अचानक खूप दुखू लागला, उजेड सहन होईना, दिसणं कमी झालं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल झाला, तर तो कोरडेपणा समजून घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. बाकीच्यांनी भेट ठरवून जावं. जाताना सगळ्या गोळ्यांची यादी आणि घरातल्या सगळ्या ड्रॉपच्या बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्यासुद्धा. त्या दिवशी काजळ-मेकअप करू नये, कॉन्टॅक्ट लेन्स घालू नये. कृत्रिम अश्रूही आधीचे दोन तास घालू नयेत, नाहीतर शिर्मरच्या पट्टीवर बाटलीतलंच पाणी मोजलं जाईल.